वाचनालयातल्या कादंबरीकारांच्या गप्पा: जा, पण सातलाच पोचा

गेल्या शनिवारी आमच्या इथल्या वाचनालयात गेलेलो. गावातलेच तीन कादंबरीकार ऐतिहासिक कादंबरी कशी लिहितात यावर बोलणार होते, सभासदांना फुकट आणि बाकीच्यांना 50 रुपये. खरं सांगू का, बायकोने ओढून नेलं म्हणून गेलो, मला वाटलं परत तेच असणार, तलवारी, घोषणा, टाळ्या. तसं काही निघालं नाही.

आधी रडगाणं उरकून घेतो. वेळ सहाची. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत (मनोगत कसलं, वार्षिक अहवालच वाचला), आणि पहिला लेखक तोंड उघडतोय तेव्हा सात वाजून पाच मिनिटं. माईक एकच, तो तिघांत फिरवायचा आणि प्रत्येक वेळी आधी टकटक करून हॅलो हॅलो. लोखंडी खुर्च्यांनी कंबरेचं वाटोळं झालं ते वेगळंच.

पण नंतरचा सव्वा तास म्हणजे पैसा वसूल.

पेशवाईवर लिहिणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी सरळ स्वतःचीच चूक सांगितली. पहिल्या खर्ड्यात त्यांची नायिका एकादशीला साबुदाण्याची खिचडी करते, बटाटा घालून! वाचायला दिलेल्या मैत्रिणीने विचारलं, अगं पण साबुदाणा आला कुठून? बाई शोधत गेल्या तर आपण खातो त्या साबुदाण्याचे सेलमकडचे कारखाने निघाले तेच 1940 च्या दशकात. मिरची चालते, ती पोर्तुगीजांबरोबर आधीच आलेली. शेवटी नायिकेने वरी शिजवली. आम्ही हसलो पण त्या म्हणाल्या, ती खिचडी काढायला मला दोन मिनिटं लागली आणि ती चुकीची आहे हे कळायला दोन वर्षं.

दुसरे निवृत्त मास्तर, ते पानिपतावर लिहितायत. त्यांनी चंद्राचं सांगितलं. 14 जानेवारी 1761 म्हणजे पौष शुद्ध अष्टमी, म्हणजे त्या रात्री आकाशात अर्धाच चंद्र, आणि यांनी प्रेतांवर पौर्णिमेचं टिपूर चांदणं पाडून ठेवलेलं, ते सगळं पान फाडावं लागलं. आणि एक गोष्ट तर मला अजिबात माहीत नव्हती. आपण म्हणतो ना पानिपतावर संक्रांत कोसळली, तर त्या वर्षी संक्रांत 14 तारखेला नव्हतीच, साधारण सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते, त्यामुळे तेव्हा ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली. माझ्या शेजारचे काका मोबाईलवर गणित करत बसले, पटेना त्यांना.

मग मोडी पत्राची झेरॉक्स हातोहात फिरली. आधी कागदभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, दोन शब्दांत जागाच सोडायची नाही. मला फक्त एक ‘श्री’ लागला, तोही वर एकटाच होता म्हणून.

तिसरा तरुण मुलगा शिवकाळावर लिहितो, त्याचा मुद्दा संवादांचा. म्हणाला, शुद्ध संस्कृताळलेलं मराठी तोंडी घातलं की पात्रं नाटकातली वाटतात. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो फारसी शब्दांना पर्याय म्हणून, म्हणजे तोवर लोक फारसीच वापरत होते ना, नाहीतर कोश हवा कशाला? मला पटलं. मास्तरांना नाही पटलं, ते म्हणाले वाचकाला दर ओळीला तळटीप द्यायची का, आणि इथे खरी मजा यायला लागलेली. पण सूत्रसंचालकांनी मध्येच घुसून ‘लेखनाची प्रेरणा कुठून मिळते?’ असं विचारलं आणि सगळ्यावर पाणी ओतलं. प्रश्नोत्तरांना उरली दहा मिनिटं, त्यातली सहा एका गृहस्थांनी आमच्या घराण्याचा उल्लेख कुठल्याच कादंबरीत कसा नाही यावर घालवली.

पाचपैकी चार. एक स्टार कापला तो अहवालवाचनाचा. पुस्तकांचं टेबल बाहेर जिन्यापाशी लावलंय, सुट्टे घेऊन जा, तिथे यूपीआय चालत नव्हतं. आणि डावीकडच्या तिसऱ्या रांगेत बसा, पंखा फक्त तिथेच फिरतो.