गाडीची साउंड सिस्टीम बदलायला गेलो आणि टाकीखालून धूर निघाला – नाशिकमधला माझा अनुभव

हे लिहायला जवळपास चार महिने लावले, कारण राग शांत झाल्याशिवाय नीट लिहिता आलं नसतं. पण गेल्या आठवड्यात ग्रुपमधला एक मुलगा त्याच्या टूरिंग बाइकला स्पीकर बसवायला मला फसवणाऱ्याच्याच पद्धतीच्या एका माणसाकडे ॲडव्हान्स देऊन आला हे कळलं आणि मग म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. दुकानाचं नाव देत नाहीये, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण पद्धत सगळी सांगतो, ती ओळखली तरी पुरे.

माझ्याकडे २०१५ ची सेकंडहँड स्ट्रीट ग्लाइड, म्हणजे हार्ले-डेव्हिडसनची मोठी टूरिंग बाइक आहे. सात वर्षं पैसे साठवून घेतलेली, अंबड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे त्यातून. दर रविवारी आम्ही दोघं निघतो, मी आणि बायको, कधी त्र्यंबकला, कधी इगतपुरी, कधी नुसतं दिंडोरी-वणी करून परत. तिला भीमसेनजींचे अभंग ऐकत जायला आवडतं आणि कंपनीचे पुढचे दोन स्पीकर गावात ठीक वाजतात, पण ऐंशीच्या पुढे गेलं की वारा आणि इंजिन यात शब्द बुडून जातात, मागे बसलेल्याला तर फक्त ठेका येतो. म्हणून ठरवलं की यावर्षी लग्नाच्या वाढदिवसाला साउंड चांगला करून घ्यायचा.

ओळखीतून ओळखीतून एक माणूस मिळाला. बोलायला अतिशय गोड. "दादा, तुमची गाडी म्हणजे आमची गाडी", असं. त्याने सांगितलं की पुढे फेअरिंगमध्ये, म्हणजे वारा अडवणाऱ्या पुढच्या कव्हरमध्ये, अमेरिकन कंपनीचे मरीन ग्रेड स्पीकर, मागे दोन्ही साइड बॅगच्या झाकणात अजून एक जोडी, आणि १००० वॅटचा चार चॅनलचा ॲम्प, म्हणजे चारही स्पीकरला ताकद देणारा डबा. सगळं मिळून १ लाख ४० हजार. पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी वर, म्हणजे अजून २५ हजारांच्या आसपास. "कशाला उगाच सरकारला देता दादा, वॉरंटी माझी, मी आहे ना इथेच". मी हो म्हटलं. साठ हजार ॲडव्हान्स यूपीआयने दिला आणि तो दुकानाच्या नावाने नाही तर त्याच्या मेहुण्याच्या पर्सनल खात्यावर गेला, तेव्हा विचारलंसुद्धा नाही की असं का.

पाच दिवस गाडी त्याच्याकडे होती. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा "आत काम चालू आहे, धूळ नको म्हणून शटर बंद ठेवलंय" असं सांगून चहा पाजून पाठवलं. सहाव्या दिवशी डेमो. आता हा डेमो नीट सांगतो कारण खरी फसवणूक इथेच झाली. शटर अर्धं खाली, गाडी दुकानाच्या आत, दहा बाय पंधराची खोली असेल, आणि त्याने पूर्ण बास चढवून एक ढोल-ताशाचं गाणं लावलं. छाती थरथरली हो. बंद खोलीत भिंतींमुळे बास कितीतरी वाढून ऐकू येतो, साधा स्पीकरसुद्धा तिथे दणका देतो. मोकळ्या रस्त्यावर भिंती नसतात, तिथे तो बास हवेत विरून जातो आणि लागतो तो मधला आवाज, म्हणजे माणसाचा गळा, शब्द. जाणकार माणूस पुढच्या लहान स्पीकरचा खालचा बास ८०-१०० हर्ट्झच्या खाली मुद्दाम तोडतो, म्हणजे स्पीकर फाटत नाही आणि शब्द स्वच्छ येतात. याने नेमकं उलटं केलं होतं, बास तोडणारा फिल्टर बंद आणि बास फुल. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं, मी खूश होऊन उरलेले ऐंशी हजार तिथल्या तिथे दिले.

दोन गोष्टी त्याच दिवशी खटकल्या होत्या. एक, बॅगेची झाकणं. मला वाटलं होतं स्पीकरची वेगळी झाकणं येतात ती लावून माझी ओरिजिनल परत देईल. त्याने माझीच झाकणं जिगसॉने कापली होती, कड बघितली तर दात्यांच्या खुणा तशाच आणि फट भरायला काळा सिलिकॉन. दुसरं, मी जुने स्पीकर मागितले तर म्हणाला "काढताना क्लिपा तुटल्या दादा, भंगारात टाकले". कंपनीचे चालू स्थितीतले स्पीकर भंगारात! मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, तुझ्या कारखान्यात कुणी जॉब बिघडवून तुकडा फेकून दिला असता तर तू सोडलं असतंस का. खरंच नसतं सोडलं. दिवसभर माझ्या हातात मोजमापाचा व्हर्नियर असतो, अर्ध्या मिलीमीटरवरून मी माल परत पाठवतो, आणि इथे लाखाच्या वर रुपये देऊन मी एक स्क्रू उघडून बघितला नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

पहिल्याच रविवारी गंगापूर धरणाच्या रस्त्याला गेलो तर साठच्या पुढे आवाज फाटायला लागला. फोन केला, म्हणे "स्पीकर नवीन आहेत, सेट व्हायला पन्नास तास लागतात". दुसऱ्या पावसात पुढचा डावा घरघर करायला लागला. म्हणे "पाणी गेलं असेल, सुकू द्या". अहो मरीन ग्रेड म्हणजे बोटीवर लावायचा स्पीकर, तो नाशिकच्या पावसात कसा काय मरतो?

आणि मग सापुताऱ्याचा दिवस. श्रावण, वणी सोडून पुढे गेल्यावर पाऊस भुरभुर, दोघं मजेत होतो. बोरगावच्या अलीकडे बायकोने मागून खांद्यावर थाप मारली, "काहीतरी जळतंय". मला हेल्मेटमध्ये काही आलं नाही, मी म्हटलं ट्रकचे ब्रेक असतील. एक मिनिटाने तिने जोरात ओरडून सांगितलं थांब, आणि मी खाली बघितलं तर टाकी आणि सीटच्या मधून पांढरा धूर. टाकीत चौदा-पंधरा लिटर पेट्रोल. गाडी साइडला घेतली, ती आधी उतरून लांब गेली, मी किल्ली बंद केली तरी धूर चालूच! कारण ॲम्पची वायर थेट बॅटरीवरून होती, किल्लीशी तिचा संबंधच नाही. सीट मागच्या एका स्क्रूवर असते, ती काढली आणि दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढली तेव्हा कुठे थांबलं. पाना धरलेला हात इतका थरथरत होता की पाना दोनदा निसटला. शेजारच्या टपरीवाल्या मावशी वाळूची बादली घेऊन धावत आल्या होत्या, त्यांचं नावही विचारायचं सुचलं नाही. बायको रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होती, काही बोलली नाही, आणि परतीच्या टेम्पोत गाडी बांधून आणेपर्यंतसुद्धा बोलली नाही.

सातपूरला एक काका मोटर आणि ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंग करतात, आमच्या शॉपचं काम त्यांच्याकडेच असतं. त्यांना म्हटलं काका, मला फक्त सांगा काय झालं. त्यांनी टाकी उचलायला लावली आणि जळालेली लाल वायर बाहेर काढली. टाकीच्या खाली फ्रेमच्या कडेवर ती दाबली गेली होती, घासून घासून वरचं प्लास्टिक गेलं आणि आतली तार फ्रेमला टेकली. "फ्यूज कुठाय रे याला?" काकांनी विचारलं. फ्यूज होता, पण पुढे ॲम्पच्या तोंडाशी. बॅटरीपासून ॲम्पपर्यंतच्या एवढ्या लांब वायरीत मध्ये काहीच नाही. काका म्हणाले, बाळा, फ्यूज वायरीला वाचवायला असतो, तो बॅटरीपासून हातभराच्या आतच पाहिजे, नाहीतर वाटेत शॉर्ट झालं तर बॅटरी सगळी ताकद त्या एका जागी ओतत राहते आणि पुढचा फ्यूज नुसता बघत बसतो.

मग त्यांनी ब्लेड घेतलं आणि वायरीच्या चांगल्या टोकाची तार खरवडली. वरून तांब्याचा रंग, दोन वेळा ब्लेड फिरवल्यावर आत चकचकीत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच करंट नेतं, म्हणजे तेवढ्याच कामाला जास्त जाड वायर लागते, आणि इथे तर प्लास्टिक जाड आणि आत तार बारीक. कंपनीच्या सॉकेटला लागणारा अडॅप्टर मिळतो, तो न घेता सॉकेटच कापून वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेली, सोल्डर नाही की काही नाही. ॲम्पचं अर्थिंग रंगवलेल्या बोल्टवर, खालचा रंगसुद्धा खरवडलेला नाही.

ॲम्पवर मोठ्या अक्षरात १००० वॅट, आणि बाजूला २५ ॲम्पिअरचा एकच फ्यूज. हे गणित मी आता कुणालाही करायला सांगतो. गाडी चालू असताना चौदा व्होल्ट धरा, गुणिले पंचवीस, म्हणजे ३५० वॅट आत जातात. चांगल्या क्लास डी ॲम्पमध्ये, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारात, त्यातले साधारण ऐंशी टक्के बाहेर येतात, म्हणजे २८०, चार स्पीकरला वाटले तर प्रत्येकी सत्तर. १००० कुठून येणार? डब्यावर आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी ताकद, लिहिलेले असतील तर ते बघा, पीक किंवा मॅक्स लिहिलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी वॅटच्या मागे लागलोच नसतो. उलट गाडीच्या कंपनीचा रेडिओ स्वतःच्या स्पीकरला जुळेल असा आवाज आतूनच कमीजास्त करून देतो, तो डीलरकडून सॉफ्टवेअरने सरळ करून घ्यावा लागतो, नाहीतर कितीही महाग ॲम्प लावा, उपयोग नाही. हे आमच्या माणसाला एकतर माहीत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं.

शेवटी स्पीकर काढले. मागच्या चुंबकावर रबराची टोपी होती, कंपनीचं नाव कोरलेली, अगदी सुंदर. ती टोपी नखाने सोलली तर खाली करड्या रंगाचं साधं फेराइटचं चुंबक, त्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी नावाचा अर्धवट फाडलेला स्टिकर. कोन कागदाचा, वरून चकाकी मारलेला, पाण्याने फुगून पोळीसारखा फुगवटा आलेला, त्यामुळे स्पीकरच्या आतली तारेची कॉइल घासत होती, तीच ती घरघर. चारही खोक्यांवर सीरियल नंबर होते म्हणून मी ते जुळवायला घेतले, तर चारही खोक्यांवर एकच नंबर. त्या कंपनीच्या भारतातल्या इम्पोर्टरला ईमेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं की हा नंबर त्यांच्या रेकॉर्डला नाही. हा ईमेल मी पैसे देण्याआधी केला असता तर दोन दिवसच लागले असते.

इन्शुरन्सकडे गेलो तर सर्व्हेयरने पहिला प्रश्न हाच विचारला की ही ॲक्सेसरी पॉलिसीत दाखवली होती का. बाहेरून लावलेली इलेक्ट्रिकल वस्तू जादा प्रीमियम भरून पॉलिसीत लिहून घ्यावी लागते, बिल लागतं, माझ्याकडे दोन्ही नाही. वायरिंग हार्नेस स्वतःच्या पैशाने बदलला.

त्या माणसाकडे गेलो तेव्हा तो "दादा"वरून "साहेब"वर आला आणि मग "बिल दाखवा, मी कुठे नाही म्हणतो" असं सरळ तोंडावर म्हणाला. तिथे मला कळलं की ते २५ हजार वाचवून मी त्याच्या हातात काय दिलं होतं. तरी सोडलं नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, त्यांनी नीट समजावलं. बिल नसलं तरी व्हॉट्सॲपवरचं बोलणं, त्याने पाठवलेला रेट, यूपीआयचे स्क्रीनशॉट, काम चालू असतानाचे फोटो हे सगळं पुरावा म्हणून देता येतं, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. वकिलाची नोटीस गेल्यावर त्याने चाळीस हजार परत करतो, मिटवून टाका असा निरोप पाठवला. मी म्हटलं, पैशाचं नंतर बघू, आधी माझे ओरिजिनल स्पीकर आण. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. म्हणून तक्रार दाखल केली.

ग्रुपमधल्या त्या मुलाला मी परवा घरी बोलावलं, झाकणाची कापलेली कड त्याच्या बोटांना फिरवून दाखवली. त्याने तिथूनच फोन करून सांगितलं की काम माझ्यासमोर करा, जुना माल माझ्या हातात द्या, पक्कं बिल फाडा आणि पैसे मी रस्त्यावर ऐंशीला ऐकल्यावर देईन. समोरचा म्हणाला मग तुमचा ॲडव्हान्स घेऊन जा. तो त्याच संध्याकाळी जाऊन घेऊन आला.

माझी गाडी सध्या साउंडशिवायच चालतेय, फेअरिंगमध्ये स्पीकरच्या जागी दोन गोल भोकं आहेत. बायको पुन्हा मागे बसायला लागली, पण अजून दर थोड्या वेळाने टाकीच्या बाजूला वाकून वास घेते. जळालेली ती हातभर वायर मी प्लास्टिकच्या पिशवीत तारीख लिहून कपाटात ठेवलीय, पुढच्या सुनावणीला सोबत नेणार आहे.