जास्वंद की कण्हेर?

आमच्या तळमजल्यावरच्या काकूंना कंपाउंडच्या कडेला बारमाही हिरवं आणि फुलणारं काहीतरी हवंय. जास्वंद की कण्हेर, यावर गाडी अडलीय.

खर्चाचं सोडा. दोन्ही पावसाळ्यात फांदी खोचली तरी लागतात.

खरा फरक देखभालीत. जास्वंदीला पाणी वेळेवर लागतं. मे महिन्यात दोन दिवस गावाला गेलात तर कुंडीतल्या कळ्या गळून पडतात. शिवाय मिलीबग ही कीड! कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं दिसलं की समजावं. मी जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासते, दर आठवड्याला. कंटाळा येतो, खरं सांगते. फूलही एकच दिवस टिकतं, पण रोज नवं येतं आणि गणपतीला लाल जास्वंद घरचीच मिळते.

कण्हेर चिवट. हायवेच्या दुभाजकावर धूर आणि ऊन खात फुलते, समुद्राची खारी हवाही सोसते. फुलं गुच्छांनी येतात. ऊन मात्र भरपूर हवं, सावलीत नुसती पानं वाढतात.

पण कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, हृदयावर परिणाम करणारं विष. छाटताना हातमोजे घाला, फांद्या जाळू नका.

काकूंचा नातू दीड वर्षाचा, दिसेल ते तोंडात घालतो. त्यांना जास्वंदच. गेटबाहेर, रस्त्याकडेच्या उन्हात, जिथे पाणी घालायला कुणी नाही आणि पोरं खेळत नाहीत, तिथे कण्हेर लावा.