जुन्या फर्निचरवर वॉटरबेस इनॅमल: गुहागरच्या हवेत एक पावसाळा काढल्यावर

माझं मत आधी सांगते, कारणं मागाहून. घर समुद्राजवळ असेल, जुनं लाकडी फर्निचर घेऊन थोड्या पैशांत ते उजळायचं असेल आणि ते खोलीच्या आत वापरायचं असेल, तर वॉटरबेस सॅटिन इनॅमल (पाण्यात मिसळणारा, मंद चमकीचा रंग) घ्या. पडवीत किंवा उघड्यावर ठेवायचं असेल, किंवा वस्तू लोखंडी असेल, तर आपला नेहमीचा ऑइलपेंटच बरा. माझ्याकडून पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो वाळण्याच्या वेळेसाठी. डब्यावर लिहिलेली वेळ कोकणाच्या हवेत खरी ठरत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेकांकडे हा प्रकार मिळतो आणि मला प्रकाराबद्दलच बोलायचं आहे.

आमचं घर गुहागरात आहे. पुढे रस्ता, मागे सुपारीची वाडी, वाडीच्या पलीकडे समुद्र. घरातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना राहायला देतो. त्या खोल्यांसाठी कपाट, खुर्च्या आणि पलंगाशेजारी ठेवायला छोटं टेबल हवं होतं. चिपळुणात नव्या कपाटाचाच भाव 12 हजारांच्या पुढे सांगितला. म्हणून जुन्या सामानाच्या गाळ्यांतून फिरले आणि सागवानी चौकटीचं, प्लायवूडच्या पाखांचं कपाट 1,800 ला घेतलं. एकसारख्या दोन खुर्च्या 350 प्रमाणे आणि टेबल 400 ला मिळालं.

चिपळुणात जुनं लाकूडसामान घेताना एक गोष्ट मी नेहमी बघते. 22 जुलै 2021 च्या पुरात तिथली बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. भिजलेलं सामान पुसून, वरून पॉलिश मारून फिरत राहतं. कपाट पुढे ओढायचं आणि मागची फळी, पायांची आतली बाजू, ड्रॉवरच्या खालचा सांधा बघायचा. गाळाची तपकिरी रेघ किंवा सांध्यात अडकलेली माती दिसली तर सावध व्हायचं. अस्सल साग पाण्यातून निघून वाळला तरी कामाला येतो. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं तसं नाही. तो एकदा फुगला की पुन्हा बसत नाही आणि कितीही महाग रंग लावला तरी कडा ढासळत जातात. बोटाच्या नखाने कड दाबून बघा, मऊ लागली तर फुकट दिलं तरी घेऊ नका. लाकडाखाली पिठासारखी भुकटी साचलेली असेल तर आत पोखरणारा किडा आहे असं समजा. आणलेल्या सामानाला मी वाळवीचं औषध हातमोजे घालून आतून-मागून लावलं आणि ते पूर्ण वाळेपर्यंत सामान पडवीतच ठेवलं, घरात घेतलं नाही.

आता रंगाकडे येते, पण त्याआधी रंगाखालच्या कामाबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण या रंगाचं सगळं यश तिथेच ठरतं. ऑइलपेंट थोडाफार मेणचट पृष्ठभागही झाकून नेतो. वॉटरबेस तसं करत नाही. खाली तेलकटपणा राहिला तर तो तिथे धरतच नाही. आणि आपल्याकडे तेलकटपणाच्या जोडीला खारही असतो. किनाऱ्यावरच्या घरातल्या कुठल्याही जुन्या कपाटावर तो बसलेला असतो. हा खार हवेतली ओल ओढून घेतो आणि पुढे रंगाखाली फोड येतात. म्हणून आधी धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी फडक्याने फिरवलं, मग दोनदा गोड्या पाण्याने पुसलं आणि सावलीत वाळवलं. कडक उन्हात ठेवलं की प्लायवूडच्या फळ्या वाकतात.

मग घासकाम. कपाटाला आधीचा हिरवा ऑइलपेंट होता आणि तो किती जुना, ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. इथे मला मनापासून सांगायचं आहे. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त असू नये हा नियम 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल ते नजरेला कळत नाही. पिवळे, लाल, हिरवे जुने ऑइलपेंट तर संशयास्पदच धरावेत. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून असा रंग कोरडा घासायचा नाही. मी वॉटरपेपर पाण्यात बुडवून ओलाच घासला. खाली जुनं प्लॅस्टिक अंथरलं होतं आणि तोंडाला मास्क होता. शेजारची मुलं पडवीत खेळायला येतात, त्यांना तेवढे दिवस येऊ दिलं नाही. निघालेला चिखल पुसून पिशवीत बांधला. वाडीत, विहिरीजवळ कुठेही टाकला नाही. जुना रंग पूर्ण काढायची गरज नसते. चमक जाऊन हाताला खरखरीत लागलं की पुरे. सुटलेले पोपडे मात्र काढायलाच हवेत.

खिळ्यांची डोकी हा आपल्या किनाऱ्यावरचा खास त्रास. वॉटरबेस रंगातलं पाणी उघड्या लोखंडाला लागलं की तासाभरात तांबूस ठिपका उमटतो आणि वरून दोन हात मारले तरी तो पुन्हा डोकावतो. आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी सांगितलं, "वहिनी, रंगाआधी खिळे आत ठोकून घ्या, वर रेड ऑक्साइडचा ठिपका द्या, मग लांबी भरा." रेड ऑक्साइड म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग आणि लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. तसंच केलं. बिजागऱ्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या. पावसाळा संपला तरी एकही डाग वर आलेला नाही. या तंत्राला मी पूर्ण गुण देते.

लाकडाचा स्वतःचा रंगही वर येतो. सागातला तेलकट तपकिरी अंश पांढऱ्या वॉटरबेस रंगातून पिवळट डाग होऊन दिसतो. फणसाचं लाकूड तर आणखी. त्याच्या गाभ्यात पिवळा रंग इतका भरपूर असतो की बौद्ध भिक्खूंची चीवरं त्यात रंगवली जात. गाठींच्या जागी आणि सागाच्या चौकटीवर मी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याच्या लाखेचा एक पातळ हात दिला. लाख तो अंश आत कोंडून धरते. त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. हा चपडा हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो आणि फार थोडा लागतो.

खुर्च्या दोन एकसारख्या मिळाल्या, त्याचा मी मुद्दाम उपयोग करून घेतला. दोन्ही सारख्याच घासल्या, दोन्ही पांढऱ्या रंगवल्या. एक वॉटरबेसने, दुसरी ऑइलपेंटने. दोन्ही एकाच खोलीत ठेवल्या आणि जून ते सप्टेंबर तशाच वापरल्या. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. खिडक्या बंद, हवा सर्द, कपड्यांना वास. रंगाची परीक्षा घ्यायला याहून कठीण काळ आपल्याकडे नाही.

लावताना ऑइलपेंट जास्त सुखाचा. ब्रशाच्या रेघा आपोआप सपाट होतात, काचेसारखा चकाकतो. वॉटरबेस भराभर ओढून घेतो, एकाच जागी पुन्हा ब्रश फिरवला की रेघा तशाच राहतात. त्यावर उपाय म्हणजे मोठ्या भागावर चार इंची फोमचा रोलर, ब्रश फक्त कोपऱ्यांना, आणि रंगात चमचा-दोन चमचेच पाणी. वासाच्या बाबतीत मात्र तुलनाच नाही. ऑइलपेंटच्या खुर्चीने ती खोली कितीतरी दिवस पाहुण्यांना देता आली नाही. वॉटरबेसचा वास दुसऱ्या दिवशी जाणवलाही नाही. ब्रश नळाखाली धुतला जातो, टर्पेंटाईनचा खर्च वाचतो. माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे आमच्या घरात या एका मुद्द्याचं वजन बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

पावसाळ्यानंतर दोन्ही खुर्च्या अंगणात आणून शेजारी ठेवल्या. ऑइलपेंटचा पांढरा रंग पिवळट झाला होता. अंधाऱ्या, बंद जागेत पांढरा ऑइलपेंट लवकर पिवळा पडतोच, उजेडात कमी. वॉटरबेस जसा लावला तसाच पांढरा होता. ओरखड्यांत ऑइलपेंट सरस ठरला. बॅगेची चाकं, बांगड्या, किल्ल्या यांचे बारीक ओरखडे वॉटरबेसवर जास्त दिसले. चहाच्या कपाचे आणि खोबरेल तेलाचे डाग दोन्हींवरून ओल्या फडक्याने निघाले. पोपडे कुठल्याच खुर्चीचे सुटले नाहीत.

वाळण्याबद्दल डब्यावर लिहिलं होतं की चार तासांनी दुसरा हात द्या. ही कोरड्या हवेतली वेळ. आमच्याकडे डिसेंबरातही सकाळी दव असतं. मी दहानंतर कामाला लागून दुपारी तीनच्या आत हात उरकत असे आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशीच. वरून वाळलेला दिसला तरी रंग आतून घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर कपाटाचं दार गच्च लावलं तर रंगाला रंग चिकटतो आणि उघडताना साल निघते. दारं किलकिली ठेवा, मध्ये मेणकागदाची पट्टी अडकवा. ऑगस्टच्या दमट दिवसांत आमच्या कपाटाचं दार पुन्हा चिकटू लागलं, तेव्हा कडेला मेणबत्ती घासली आणि ते मोकळं झालं. ड्रॉवरच्या सरकत्या बाजूंना रंग लावूच नका, तिथेही मेणच बरं. ज्यांना चार दिवसांत फर्निचर वापरात आणायचं आहे त्यांच्यासाठी हा रंग नाही.

आणि कपाटाची पाठ रंगवा. "भिंतीकडे कोण बघतंय?" असं आमच्या घरातही विचारलं गेलं. पण कोरं प्लायवूड भिंतीची ओल ओढतं आणि बुरशी आधी तिथेच धरते. पाठीला एक हात प्रायमर, एक हात रंग आणि भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर, एवढ्यावर आमचं कपाट स्वच्छ राहिलं.

खर्च असा आला: फर्निचर 2,900. वॉटरबेस इनॅमल एक लिटर 520, लाकडाचा प्रायमर 260, पॉलिशपेपर आणि वॉटरपेपर 120, ब्रश-रोलर 200, लांबी आणि रेड ऑक्साइड मिळून 110, बिजागऱ्या, स्क्रू आणि मुठी 360, तुलनेच्या खुर्चीसाठी ऑइलपेंटचा छोटा डबा आणि टर्पेंटाईन 160. एकूण 4,630. चपडा आणि वाळवीचं औषध घरात होतं. एका लिटरमध्ये कपाट, टेबल आणि एक खुर्ची दोन हातांत पूर्ण झाली. शेड मशीनवर करून घ्यायची तर आमच्याकडचा दुकानदार एक लिटरच्या खाली देत नाही, म्हणून कामं एकत्र काढावीत. मी कपाटासाठी फिकट आकाशी केला आणि थोडा पांढरा आधीच बाजूला काढून घेतला. गडद शेडचा बेस वेगळा असतो, तो पांढऱ्यातून होत नाही, हे डबा उघडण्याआधी विचारून घ्या.

एका गोष्टीत मी सासूबाईंच्या बाजूने आहे. माडीवर शिसवी आरामखुर्ची आहे, तिलाही या आकाशी कपाटाशी जुळवून घ्यावं असं घरात कुणीतरी सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, "शिसवीला रंग लावायचा नाही. तिचं तेज आतून येतं." शिसवी, चांगला साग, जुना फणस यांचे रेषे सुंदर असतील तर घासून लाखेचं पॉलिश द्या, रंग नको. रंग प्लायवूडला, ठिगळं लावलेल्या चौकटीला, डाग पडलेल्या आंब्याच्या फळ्यांना द्या. तिथे तो खरोखर कायापालट करतो.

उरलेला रंग पत्र्याच्या डब्यात ठेवू नका. वॉटरबेसने झाकणाची कड आतून गंजते आणि गंजाचे कण रंगात पडतात. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत काठोकाठ भरा, वर शेडचा नंबर लिहा. आमच्या बरणीतला रंग पावसाळ्यानंतरही ढवळल्यावर नीट झाला आणि खुर्चीवरचे ओरखडे त्यातूनच झाकले. आता लोखंडी पलंगाचं काम आहे. त्याला हा रंग लावणार नाही. गंज खरवडून, रेड ऑक्साइड देऊन, वर ऑइलपेंट, आणि तेही दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की.