शोधगंगा: प्रबंध मागून वाचायला सुरुवात करा

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी संस्थेच्या महाविद्यालयात मी २२ वर्षं ग्रंथपाल आहे. परदेशी संशोधनपत्रिका आमच्याकडे एकही येत नाही. एका पत्रिकेच्या वर्गणीत आमची वर्षभराची क्रमिक पुस्तकं येतात. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका तिच्यात आहेत, पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. त्यामुळे आमची मुलं अजून दाराबाहेरच आहेत. अशा मुलांना मी गेली कित्येक वर्षं एकाच ठिकाणी बसवते आहे, ते म्हणजे ‘शोधगंगा’. इतकी वर्षं वापरल्यावर तिच्याबद्दल नीट लिहावं असं वाटलं. पाचपैकी सव्वाचार तारे. पाऊण तारा का कापला तेही पुढे येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भारतातल्या विद्यापीठांत मान्य झालेले पीएच.डी.चे प्रबंध इथे पूर्ण वाचायला मिळतात. नोंदणी नाही, पैसे नाहीत, ओळखपत्र नाही. पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. चालवतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं केंद्र. हे केंद्र १९९१ साली सुरू झालं ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या छत्राखाली, विद्यापीठ अनुदान आयोगाचा एक प्रकल्प म्हणून; स्वतंत्र झालं १९९६ साली. आयोगाने २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि तिथून हा साठा वाढत गेला. त्याआधी काय होतं ते मी पाहिलं आहे. प्रबंध म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं कुलूपबंद कपाट. पत्र घेऊन जायचं, मुक्काम करायचा, हाताने टिपणं काढायची, झेरॉक्सला परवानगी नाही. आमच्या एका प्राध्यापकांनी एका प्रबंधातल्या चार तक्त्यांसाठी तीन वेळा एसटीने प्रवास केला होता.

नवीन मुलं मात्र शोधगंगा चुकीच्या टोकाने वाचतात. पहिलं प्रकरण उघडतात, प्रस्तावना वाचतात, ‘संशोधनाचं महत्त्व’ वाचून कंटाळतात आणि बंद करतात. मी त्यांना सांगते, मागून सुरुवात करा. आधी परिशिष्टं, मग संदर्भसूची, मग पद्धतीचं प्रकरण. पत्रिकेतल्या लेखात आठ-दहा पानांत बसवण्यासाठी जे जे कापावं लागतं, ते सगळं प्रबंधाच्या या भागांत शाबूत असतं. शोधगंगेची खरी किंमत तिथे आहे.

पदार्थविज्ञानाच्या मुलाचं उदाहरण देते. त्याला कॅडमियम सल्फाइडचा पातळ थर काचेवर चढवायचा होता, रासायनिक द्रावणात काच बुडवून. आमच्या भागातल्या प्रयोगशाळांना परवडणारी ही पद्धत आहे. निर्वात यंत्र लागत नाही, बीकर आणि गरम पाणी पुरतं. लेखात एक ओळ होती: कॅडमियमचा क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया घेऊन थर तयार केला. याचा थर मात्र दरवेळी पावडर होऊन बीकरच्या तळाशी बसायचा. आम्ही शोधगंगेत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे प्रबंध काढले. पातळ थरांवर तिथे खूप काम झालेलं आहे. त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात काच आधी क्रोमिक ॲसिडमध्ये कशी धुवायची, सामू (पीएच) किती ठेवायचा, तापमान किती, काच उभी ठेवायची की तिरपी, किती मिनिटांनी बाहेर काढायची, सगळं होतं. शिवाय कोणत्या सामूला थर धरला नाही त्याचा तक्ताही होता. फसलेल्या प्रयत्नांचा तक्ता पत्रिकेत सहसा कुणी छापत नाही, आणि याला नेमका तोच हवा होता. त्याने अमोनियाचं प्रमाण बदललं, काच तिरपी लावली, आणि पंधरा दिवसांनी पिवळी झालेली काच कागदात गुंडाळून मला दाखवायला घेऊन आला. मी ती खिडकीजवळ उजेडात धरून पाहिली.

गणिताबद्दल मात्र मी वेगळं सांगेन. शोधगंगेतल्या गणिताच्या प्रबंधांचं पहिलं प्रकरण, व्याख्या आणि आधीच्या प्रमेयांचं, अभ्यासाला फार चांगलं असतं. ताजं काम हवं असेल तर मी सरळ ‘आर्काइव्ह’वर पाठवते. पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत सुरू केलेलं संशोधनलेखांचं हे भांडार २००१ साली कॉर्नेल विद्यापीठाकडे गेलं. शोधताना ए, आर, एक्स, आय, व्ही अशी अक्षरं टाइप करायची, नाहीतर सापडत नाही. आमच्या गणिताच्या सरांना कापरेकर स्थिरांकावर वाचायचं होतं. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, पुन्हा तेच करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हे १९४९ साली शोधलं. तीन अंकांना ४९५ येतो, पाच अंकांना मात्र असा एकच आकडा नाही, तिथे संख्या चक्रात फिरत राहतात. त्यावर आजही जगभरातून लेख येतात आणि सरांना ते आर्काइव्हवर फुकट मिळाले. ज्या शिक्षकाकडे संशोधनाची मोठी पदवी नव्हती त्यांच्या नावावर परदेशातली माणसं काम करत आहेत, हे पाहून सर बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता ज्या अनुभवासाठी हे लिहायला घेतलं तो. माझी भाची दंतवैद्यकात एम.डी.एस. करते, पब्लिक हेल्थ डेन्टिस्ट्री. विषय, दातांच्या उपचाराची भीती. तिला ही भीती मोजायची प्रश्नावली, म्हणजे मोजपट्टी, माहीत होती: नॉर्मन कोरा यांची १९६९ ची चार प्रश्नांची, आणि तिच्यात हिरडीतल्या इंजेक्शनचा पाचवा प्रश्न घालून १९९५ साली सुधारलेली. पाच प्रश्न, प्रत्येकाला पाच उत्तरं, गुण ५ ते २५, आणि १९ किंवा जास्त आले तर माणूस फार घाबरणारा. हे सगळं तिला पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, मिळालं. अडलं ते भाषेवर. तिच्या ओपीडीत येतात त्या बायका ‘चिंता’ हा शब्द लग्नाच्या मुलीसाठी आणि पावसासाठी वापरतात. दातासाठी नाही.

सुट्टीत ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, “मावशी, ‘तुम्हाला कितपत चिंता वाटते’ असं विचारलं की बायका म्हणतात, चिंता कशाची, पोरं कमावती आहेत. आणि त्याच बाईचा हात मशिनचा आवाज ऐकून थंडगार पडलेला असतो.”

एम.डी.एस.चे प्रबंध शोधगंगेवर मिळतील अशी तिची समजूत होती. तिथे मुख्यत्वे पीएच.डी. आहे, हे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी आधीच लक्षात घ्यावं. एम.डी.एस.चे प्रबंध पाहायचे तर तमिळनाडूच्या डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठाचं स्वतःचं खुलं भांडार आहे, त्यात पुष्कळ आहेत. पण भाषेचा प्रश्न तिथे कसा सुटणार?

तो सुटला मानसशास्त्राच्या कपाटात. आमच्याकडे येणारी एक विद्यार्थिनी परीक्षेच्या धास्तीवर पीएच.डी. करते. तिच्यासाठी मी आधीच महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे मानसशास्त्राचे प्रबंध चाळून परिशिष्टं बाजूला काढून ठेवली होती, कारण मराठीत भाषांतरित केलेल्या प्रश्नावल्या फक्त तिथेच पूर्ण सापडतात. पत्रिकेत ‘मराठी रूपांतर वापरले’ एवढंच असतं. प्रबंधात प्रश्न, उत्तरांचे पर्याय, गुण देण्याची रीत, आणि कधी कधी भाषांतर उलट दिशेने इंग्रजीत करून मूळाशी ताडून पाहिल्याची नोंदही असते. ही उलट भाषांतराची पद्धत ब्रिस्लिन यांनी १९७० साली मांडली, अजूनही तीच चालते.

दोघी एका टेबलावर बसल्या. एका परिशिष्टात ‘धाकधूक’ होतं, एकात ‘काळजी’, एकात ‘भीती’, आणि एका संशोधिकेने पर्यायच बोलीतले केले होते: अजिबात नाही, जरा, बऱ्यापैकी, खूप, सहनच होत नाही. भाचीने हा शेवटचा पर्याय वहीत उतरवून घेतला. दुसरी तिला म्हणाली, “ताई, जसाच्या तसा उचलू नका. मोजपट्टी मूळ कुणाची आहे ते बघा, त्यांना मेल करा, आणि आधी वीस-पंचवीस जणींवर करून बघा.” अगदी बरोबर सांगितलं तिने. शोधगंगेवरचा प्रबंध वाचायला मोकळा आहे म्हणून आतली प्रश्नावली वापरायला मोकळी झाली असं होत नाही. मुलं इथे हमखास चुकतात.

हे मी एवढं लांबवते आहे त्याला कारण आहे. २०१५ साली ‘सायन्स’ या पत्रिकेत एक मोठं काम आलं. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा निष्कर्ष होता, पुन्हा केल्यावर तो फक्त ३६ टक्क्यांत आला. आपल्याकडे कुणाला एखादा अभ्यास पुन्हा करायचा म्हटलं तर नेमके कोणते शब्द विचारले होते, हे कळायला हवं. ते शब्द परिशिष्टात असतात. म्हणून ज्या प्रबंधांत परिशिष्टाची फाइलच चढवलेली नसते ते पाहून मला राग येतो. पाऊण तारा कापला तो यासाठी.

फाइल चढवण्याचं काम विद्यापीठं करतात, त्यामुळे दर्जा विद्यापीठागणिक बदलतो. एका विद्यापीठाच्या प्रबंधात मला तिसरं प्रकरण दोनदा मिळालं, चौथं नव्हतंच. पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. जुने प्रबंध पानाचा फोटो काढून चढवलेले असतात, त्यांच्यात शब्द शोधता येत नाही. आणि मराठी प्रबंधांचं एक वेगळंच दुखणं आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर सुंदर दिसतो, पण कॉपी करून दुसरीकडे टाकला की अक्षरांचा चिवडा होतो. तिथे हाताने उतरवण्याला पर्याय नाही. शीर्षकं काही ठिकाणी देवनागरीत आहेत, काही ठिकाणी रोमनमध्ये, तीही वेगवेगळ्या स्पेलिंगने; मराठी विषय शोधताना दोन्हीकडून शोधा. मी तर शोधपट्टीपेक्षा विद्यापीठ, मग विभाग, अशी उतरत जाते. वेळ लागतो, पण सापडतं. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी असते. अलीकडच्या बऱ्याच प्रबंधांत ८० आकड्याने सुरू होणारी ‘रेकमेंडेशन’ नावाची एक फाइल दिसेल, तिच्यात शीर्षकपान आणि निष्कर्षाचं प्रकरण असतं. प्रबंध आपल्या कामाचा आहे की नाही हे ठरवायला आधी तीच उघडा. विषय आधी कुणी घेतला आहे का हे पाहायचं असेल तर ‘शोधगंगोत्री’ ही शेजारची साइट आहे, तिथे चालू कामांचे आराखडे असतात.

संदर्भसूचीचं एक उदाहरण सांगून थांबते. संज्ञापनशास्त्राचा एक मुलगा खेड्यातल्या सामुदायिक रेडिओवर काम करत होता आणि त्याच्या आराखड्यात सगळे संदर्भ अमेरिकेतले होते. मी त्याला रेडिओवरचे पाच-सहा प्रबंध काढून दिले आणि फक्त शेवटची पानं वाचायला सांगितली. तीनमध्ये एकच जुनं नाव होतं: युनेस्कोने १९५९ साली छापलेला, माथुर आणि न्यूरथ यांचा शेतकरी रेडिओ मंडळांवरचा अहवाल. युनेस्कोच्या डिजिटल ग्रंथालयात तो फुकट मिळतो. उघडला तर प्रयोग पुणे आकाशवाणीचा! १९५६ साल, पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे जिल्हे, १५० गावं. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीवरचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे. असे २० कार्यक्रम झाले. जिथे मंडळं नव्हती अशा गावांशी तुलनाही केलेली आहे.

त्या मुलाचं आजोळ नगर जिल्ह्यात आहे. अहवाल डाउनलोड झाला त्या संध्याकाळी त्याने ग्रंथालयातूनच आजोबांना फोन लावला, रेडिओसमोर गाव बसायचं ते आठवतं का म्हणून. आजोबांना ऐकू कमी येतं, तो मोठ्याने बोलत होता. वाचनकक्षात शांतता पाळायचा नियम आहे. मी त्याला बोलू दिलं.