टेस्टर खरा, डबी खोटी

आमची देवगडला हापूसची बाग आहे. मार्च लागला की माझा फोन पेट्यांच्या ऑर्डरींनी तापलेला असतो आणि दरवर्षी निदान दहा-बारा जणांना मी तेच ते पुराण सांगते. बाबांनो, खोक्यावर देवगड लिहिलंय म्हणून आतला आंबा देवगडचा होत नाही. कर्नाटकातला आंबा आमच्या नावाच्या खोक्यात सर्रास भरला जातो. वास घ्या, साल किती पातळ ते बघा, एक कापून बघा, मग पैसे द्या. लोकांना एवढं शहाणपण शिकवणारी मी, गेल्या संक्रांतीला दोन लिपस्टिक आणि एका ब्लशपायी हुबेहूब तशीच फसले. लाजेने इतके दिवस गप्प होते. आता पुन्हा हळदीकुंकवांचे दिवस आलेत, पुन्हा कुणाच्या तरी माजघरात ते टेबल मांडलं जाणार, म्हणून लिहिते.

हळदीकुंकू आमच्या वहिनींकडे होतं. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं, आणि वहिनी म्हणाल्या, "आत चला, गंमत आहे." आत टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून लिपस्टिकच्या रांगा लावलेल्या. वहिनींच्या माहेरच्या नात्यातली, मुंबईला राहणारी एक मुलगी हा धंदा करते. बोलायला गोड, दिसायला नीटनेटकी. डावीकडे दोन-तीनशेवाल्या लिपस्टिक, उजवीकडे परदेशी. डावीकडचं कुणी उचललं की म्हणायची, "अगो, लॅक्मे काय, मेबलिन काय, घरात असतंच. आज आलीयस तर हे लावून बघ."

मला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, मॅक कंपनीची रूबी वू लिपस्टिक. निळसर झाक असलेला तो कडक लाल रंग मी दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मॉलमध्ये लावून पाहिला होता. सावळ्या-गव्हाळ चेहऱ्याला तो असा उजळतो की आरशापुढून हलवत नाही. किंमत दोन हजारांच्या घरात, म्हणून हात आखडला होता. दुसरं, नार्सचा तो प्रसिद्ध ब्लश, पीच-गुलाबी, आत बारीक सोनेरी झाक. त्याच्या शेडचं नाव सासूबाईंसमोर घेण्यासारखं नाही, त्यामुळे आम्ही सगळ्याजणी "नार्सचं ते" म्हणूनच मागत होतो. ज्यांना कळलं त्यांना कळलं.

तिने माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला रूबी वूची रेघ ओढली. कोरडी, गच्च, एका ओढीत पूर्ण रंग. नाकाजवळ नेली तर मॅकच्या लिपस्टिकला असतो तो व्हॅनिलाचा वास. कोरड्या कापसाने पुसली तरी लाल सावली राहिली. मी आंबेवाली बाई, वासावर माझा भारी विश्वास. माझी खात्री पटली, आणि खरं सांगते, ती पटायलाच हवी होती. कारण तो टेस्टर अस्सल होता.

तिची सगळी करामत इथेच आहे. टेबलावर जे लावून बघायला मिळतं ते खरं असतं. पार्सलमधून घरी येतं ते दुसरंच.

जाता जाता त्या टेबलाचं आणखी एक सांगते. चौदा-पंधरा बायकांनी एकच लिपस्टिक आळीपाळीने थेट ओठांना लावली. कुणाच्या ओठाला तापातले फोड येऊन गेलेले असतात, तो विषाणू असाच पसरतो. टेस्टर हातावर लावावा, ओठांवर नाही. फारच हौस असेल तर वरचा थर टिशूने पुसून, स्पिरिट मारून, वेगळ्या काडीने. मी मनगटावर लावली ती काही शहाणपणाने नव्हे, माझ्या ओठांना आधीच दुसरा रंग होता म्हणून.

आठशे पन्नासची एक याप्रमाणे दोन लिपस्टिक, दुसरी जराशी विटकरी, आणि हजाराचा ब्लश. एकूण सत्तावीसशे. इतकं स्वस्त कसं, असं मी विचारलं हं. नाही असं नाही. ती म्हणाली, "कस्टममधून सुटलेला माल आहे, शिवाय डेट जवळ आलीय, म्हणून कंपनी काढून टाकते." मला ते पटलं. आपल्याला स्वस्तात हवं असलं की कुठलंही कारण पटतं. पैसे तिथल्या तिथे स्कॅन करून दिले. समोर नाव आलं ते कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. म्हणाली, मिस्टरांचं खातं.

दहा दिवसांनी पार्सल आलं. तिन्ही खोक्यांवर पारदर्शक प्लास्टिक चापून बसवलेलं. सील बघून मी निर्धास्त झाले, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कारण तसलं सील मारायचं यंत्र आमच्या पडवीत आहे! आंबापोळीची पाकिटं मी स्वतः त्यावर बंद करते. प्लास्टिक चढवायला कंपनी लागत नाही, एक प्लग लागतो. पण त्या दिवशी डोक्यात हे आलंच नाही. "लग्नात फोडीन" म्हणून तिन्ही डब्या कपाटात गेल्या.

लग्न मे महिन्यात, कणकवलीला. भाचीचं. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते समुद्राकाठच्यांना सांगायला नको, पंख्याखाली बसलं तरी पदर ओला. सकाळी खोकं फोडलं, लिपस्टिक फिरवून वर काढली तर जरा करकरली. रंग लाल होता, पण तो लाल नव्हता. भगव्याकडे झुकलेला, वर तेलकट चकाकी. वास यायचा तो व्हॅनिलाचा नाही, मेणबत्ती विझवल्यावर येतो तसला. गाडी दारात, सगळे हाका मारतायत, मी लावली. ब्लशचंही तेच. ब्रश फिरवला तर रंग ब्रशला येईना, चमचम तेवढी भुरभुरली. पेडवे मासे साफ केल्यावर मनगटापर्यंत खवले चिकटतात ना, तसे माझे गाल. लग्नाचे फोटो अजून मी कुणाला पाठवलेले नाहीत.

मुहूर्त लागेपर्यंत ओठ चुरचुरायला लागले. मला वाटलं ऊन. जेवताना सोलकढीचा पहिला घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी ओसरीवरूनच विचारलं, "तोंडाक काय लायलंस गो? मिरची चोळलंस काय?" आरशात बघितलं तर ओठांची कड सुजलेली, तोंडाच्या कोपऱ्यांना बारीक पुटकुळ्या. सासूबाईंनी लिपस्टिक हातात घेतली, नाकाला लावली आणि लांब धरली. "ह्येका रॉकेलाचो वास मारता." त्यांनी आयुष्यात लिपस्टिक लावलेली नाही. पाच सेकंदांत निकाल.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ॲलर्जी आहे. मलम दिलं, बाकी सगळं बंद, फक्त साधी पेट्रोलियम जेली. ओठांची सालं निघत होती, पूर्ण बरं व्हायला तीन आठवडे गेले. मी विचारलं, नेमकं कशाची ॲलर्जी? ते म्हणाले, आत काय घातलंय हेच माहीत नाही तर कशाची ते काय सांगू? मला ते फार लागलं. लिपस्टिक म्हणजे मुळात मेण, एरंडेलासारखं तेल आणि रंग, पण रंग कोणते चालतात याला आपल्याकडे नियम आहेत. सौंदर्यप्रसाधनांतल्या रंगात शिसं दहा लाख भागांत २० भागांपेक्षा जास्त चालत नाही. नकली माल करणाऱ्याला कसले आलेत भाग! आणि लिपस्टिक निम्मी तर आपण जेवणाबरोबर खातोच.

मुलगी सुट्टीला घरी आली होती. तिने तिन्ही खोकी जेवणाच्या टेबलावर आडवी केली आणि मोबाईलचा टॉर्च मारला. खालच्या बाजूला छापलेला बॅच नंबर तिने मोठ्याने वाचला. मग ब्लशचा वाचला. तोच. लिपस्टिक एका कंपनीची, ब्लश दुसऱ्याच कंपनीचा, आणि बॅच नंबर एकच! लिपस्टिकच्या बुडावर आणखी तिसराच नंबर. पुढे ती म्हणाली, "आई, तुला डेट जवळ आलीय म्हणून स्वस्त दिलं ना? मग ही तारीख बघ." खोक्यावरची तारीख पुढची अडीच वर्षं दाखवत होती. जी थाप मारून माल विकला ती खोक्यावर छापायलाही विसरले होते.

परदेशी माल आपल्याकडे रीतसर आला असेल तर खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक असायलाच हवा, २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत तसं आहे. शिवाय रुपयांत एमआरपी. बहुतेक वेळा हे सगळं वेगळ्या पांढऱ्या स्टिकरवर असतं. माझ्या एकाही खोक्यावर ते नव्हतं. "कस्टममधून सुटलेला" म्हणजे काय ते तेव्हा कळलं: ज्याची जबाबदारी घ्यायला या देशात कुणीच नाही असा. आणि बारकोडचा भरवसा धरू नका. आम्ही स्कॅन केला, तर कंपनीच्या अस्सल लिपस्टिकचा फोटो आला. काळ्या रेघाच त्या, छापायला कितीसं अवघड?

त्या मुंबईवाल्या मुलीला फोन केला. आधी म्हणाली, तुमची स्किन सेन्सिटिव्ह असेल. मग म्हणाली, उन्हात ठेवलं असेल. मग म्हणाली, "ताई, बाकी कुणाची तक्रार नाही." मी त्या दिवशीच्या चार जणींना फोन लावले. दोघींची अगदी तीच रड, पण वहिनींना वाईट वाटेल म्हणून गप्प. नात्यातून येणारा माल असा खपतो, दुकानदाराशी आपण भांडतो, वहिनींच्या माहेरच्या माणसाशी कोण भांडणार?

ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: बिल? बिल नव्हतं. चॅट? चॅट उघडलं तर कोरं. ऑर्डरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात दिवसांनी मेसेज आपोआप पुसले जातील अशी सोय तिने पहिल्या दिवसापासून करून ठेवलेली. किंमत, फोटो, "शंभर टक्के ओरिजिनल" हे शब्द, सगळं गेलं. उरली ती मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाला पैसे गेल्याची एक ओळ. तेव्हा कुठल्याही ग्रुपवर खरेदी करताना वर "मेसेज नाहीसे होतील" अशी सूचना दिसली, तर स्क्रीनशॉट काढल्याशिवाय पैसे पाठवू नका. पैसे पाठवल्याबरोबर लक्षात आलं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावं, मी चार महिन्यांनी जागी झाले, त्याला काय करणार.

एक रस्ता होता. नकली सौंदर्यप्रसाधनं विकणं हा १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अन्न व औषध प्रशासनाकडे डब्या घेऊन जायची माझी तयारी होती. पण घरात रामायण झालं. वहिनी रडल्या, हे म्हणाले नात्यात सरकारी माणूस नको. मी माघार घेतली. चुकलं माझं, आजही वाटतं. एवढं झालं की त्या विकणारीला मी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी तक्रार द्यायला जाते म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पंधराशे रुपये परत आले. बाराशे अजून यायचे आहेत. डब्या मी टाकलेल्या नाहीत.

ओठ बरे झाल्यावर स्टँडजवळच्या दुकानातून तीनशे रुपयांच्या आतली ओळखीच्या ब्रँडची लाल लिपस्टिक घेतली, बिलासकट. आधी दोन दिवस कोपराच्या आत लावून बघितली, मग ओठांना. टिकते चार तास, जेवल्यावर परत लावावी लागते. बिघडलं काय? माझं मत विचाराल तर लिपस्टिकमध्ये पैसे घालूच नयेत. महागडीत पोत आणि शेड सरस असतात, हे मी नाकारत नाही, रूबी वू ती रूबी वू. पण सुरक्षित असायला तिला महाग असावं लागत नाही. ब्लशमध्ये मात्र थोडे जास्त घालावेत, स्वस्त पावडर आमच्या दमट हवेत डाग धरते. नाहीतर तीच लिपस्टिक बोटाने गालावर टिपायची आणि वरून पावडरीचा हलका हात. घामातही दुपारपर्यंत राहते. आणि कुणकेश्वरच्या यात्रेत मिळणारी, नावात एक अक्षर बदललेली पन्नासवाली? ती घेऊ नकाच. पण तिथे निदान आपल्याला माहीत असतं की आपण पन्नासचं काय घेतोय.

परवा तिचा मेसेज आला. वर्षभराने, जणू काही झालंच नाही. "ताई, यंदा पेटी कधी सुरू? दोन हव्यात. फळावर ते कोडचं स्टिकर असलेलेच द्या हं, हल्ली देवगडच्या नावाने काहीही खपवतात."

मी लिहिलं, मिळतील. पैसे आधी, आणि त्यात मागचे बाराशे धरून पाठव. मग त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.