जँगो ६.० मधील अंगभूत सीएसपी: नॉन्सची सोय उत्तम, पण कॅशपासून सावध

डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या जँगो ६.० या पायथन वेब फ्रेमवर्कच्या आवृत्तीत कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजेच सीएसपी, प्रथमच अंगभूत मिळाली. पानावर कोणत्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या, हे प्रतिसादाच्या हेडरमधून ब्राउझरला सांगणारे हे धोरण. त्याआधी या कामासाठी मोझिलाचे जँगो-सीएसपी हे वेगळे पॅकेज बसवावे लागे.

नॉन्सची, म्हणजे स्क्रिप्टला ओळख म्हणून जोडायच्या एकदाच वापराच्या मूल्याची, मांडणी मला मनापासून आवडली. मिडलवेअर (प्रतिसादाला हेडर जोडणारा थर) आणि कॉन्टेक्स्ट प्रोसेसर (टेम्प्लेटला मूल्य पुरवणारा भाग) सेटिंग्जमध्ये नोंदवावा, स्क्रिप्टच्या धोरणात नॉन्सला स्थान द्यावे आणि टेम्प्लेटमधील प्रत्येक इनलाइन, म्हणजे पानातच लिहिलेल्या, स्क्रिप्टला ते मूल्य जोडावे, एवढ्यावर काम भागते. प्रत्येक विनंतीसाठी अंदाज बांधता न येणारे नवे मूल्य तयार होते. हेडरमधील आणि टॅगवरील मूल्य जुळले तरच ब्राउझर ती इनलाइन स्क्रिप्ट चालवतो, त्यामुळे टिप्पणीच्या रकान्यातून कोणी टॅग घुसवला तरी तो निष्प्रभ ठरतो. टेम्प्लेटने नॉन्स वापरलाच नाही, तर तो हेडरमध्येही जात नाही, हा बारकावा विशेष कौतुकास्पद आहे.

खरी अडचण कॅशची, म्हणजे तयार मजकूर साठवून पुन्हा देण्याची, आहे. टेम्प्लेटचा तुकडा कॅश केला, तर त्यात जुना नॉन्स अडकतो, स्क्रिप्ट बंद पडते आणि चूक निदान लगेच दिसते. मात्र संपूर्ण पान हेडरसकट कॅश झाले, तर दोन्ही मूल्ये जुळत राहतात, पान सुरळीत चालते आणि तोच नॉन्स प्रत्येक वाचकाला जातो. म्हणजे हल्लेखोराने पान एकदा उघडून पाहिले की त्याला हवे ते मिळाले. सीडीएनमागे (पाने साठवून वाचकांना पोचवणाऱ्या सर्व्हर-जाळ्यामागे) असलेल्या संकेतस्थळांनी हे आधी तपासावे. अशा स्थिर पानांसाठी धोरणात स्क्रिप्टचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा) देणेच योग्य, असे माझे ठाम मत आहे.

फॉर्मच्या मीडियातून, म्हणजे फॉर्मने स्वतः जोडलेल्या फाइलींतून, येणाऱ्या स्क्रिप्ट टॅगना ६.० मध्ये नॉन्स आपोआप लागत नाही. स्वतःच्या डोमेनला परवानगी असेल तोवर त्याने काही बिघडत नाही. पण डोमेनऐवजी केवळ नॉन्स किंवा हॅशवर विश्वास ठेवायला लावणारा स्ट्रिक्ट-डायनॅमिक हा पर्याय वापरताच ब्राउझर ती परवानगी दुर्लक्षितो आणि तारीख निवडण्यासारखी विजेट्स अडतात.

जुन्या प्रकल्पात सर्वाधिक वेळ एचटीएमएल टॅगमध्येच कोड लिहिणाऱ्या ऑनक्लिकसारख्या गुणधर्मांवर जाईल, कारण त्यांना नॉन्स देताच येत नाही. ते सारे जावास्क्रिप्टमधील ॲड-इव्हेंट-लिसनरने नव्याने लिहावे लागतात. त्या काळात केवळ नोंद घेणारे रिपोर्ट-ओन्ली धोरण स्वतंत्र सेटिंगमधून चालू ठेवता येते, आणि अंमलात असलेल्या सैल धोरणाशेजारी कडक धोरण अजमावता येते.