नाव पुकारल्यावर घरच्यांनी हाक द्यावी का?

दहावीचा निकाल लागला की शाळाशाळांतून गुणगौरव सुरू होतात आणि नियोजनाच्या बैठकीत तोच प्रश्न येतो. लेकराचं नाव घेतल्यावर घरच्यांना टाळ्या-शिट्ट्या-हाका करू द्यायच्या, की ‘टाळ्या शेवटी एकदाच’ असं माईकवरून सांगायचं? बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं सूत्रसंचालन करतो. दोन्ही करून पाहिलंय.

शांततेच्या बाजूनं लोक शिस्तीचं बोलतात. माझ्या मते तिचं खरं कारण म्हणजे पुढचं नाव. एका वर्षी एका पोरीच्या घरची पंधरा-वीस माणसं टेम्पो करून आली होती. तिचं नाव घेतलं आणि मंडप दणाणला. त्याच गलक्यात मी पुढचं नाव वाचून टाकलं. तो पोरगा पायरीशी तसाच उभा राहिला आणि त्याची माय शेजारणीला विचारत होती, “मह्या लेकराचं नाव झालं का?” मी ते परत वाचलं नाही. ती चूक माझी होती, अजून सलते.

पण त्या दिवशी ओरडणाऱ्यांचं काय चुकलं होतं? घाई माझी होती. साठ मुलं असतील आणि प्रत्येकाला दहा सेकंद जास्त दिले, तर सगळे मिळून दहा मिनिटं लागतात. शाल-श्रीफळाचे चार सत्कार कमी केले की तेवढा वेळ निघतो.

आवाजाच्या बाजूनं मला एक बाप आठवतो. ऊसतोडीवरून नुकताच परतलेला, बोटांना चिंध्या बांधलेल्या. पोरीचं नाव आलं तसा तो खुर्चीवर उभा राहून “सोने!” एवढंच ओरडला आणि डोळे पुसत खाली बसला. स्टेजवर प्रमाणपत्र घेणारी पोरगी आधी पाहुण्यांकडं बघत होती, ती वळून त्याच्याकडं बघून हसली. त्याला गप्प बसवून आपण कोणती शिस्त राखली असती? ज्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोचलं, तिथून येणारा ‘जय भीम’ही मला असाच वाटतो. बाबासाहेबांच्या संस्थेनं १९५० साली आजच्या छत्रपती संभाजीनगरात महाविद्यालय काढलं, ते अशाच घरांसाठी.

बंदी घातलीच, तर ती मोडल्यावर करायचं काय, तेही आधी ठरवा. अमेरिकेत इलिनॉयमधल्या गेल्सबर्गच्या शाळेनं २००७ साली, आप्तांनी आरोळ्या दिल्या म्हणून पाच मुलांची प्रमाणपत्रं अडवली होती. मिसिसिपीतल्या सेनाटोबियात २०१५ साली नातेवाइकांवर शांतताभंगाच्या तक्रारी झाल्या, पुढं त्या मागं घेतल्या. आनंद मोठ्यांनी केला आणि भोगलं लेकरानं, हे मला मुळीच पटत नाही.

फेब्रुवारीतला निरोप समारंभ मात्र वेगळा धरा. ऊसतोड दिवाळीच्या आसपास सुरू होते ती मार्च-एप्रिलपर्यंत चालते. तेव्हा कितीतरी आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडात असतात, लेकरं आजीकडं किंवा हंगामी वसतिगृहात. अशा दिवशी नावागणिक जल्लोष ठेवला तर काहींच्या वाट्याला नुसती शांतता येते आणि ती सगळ्या वर्गाला ऐकू येते. तिथं टाळ्या शेवटी, सगळ्यांसाठी एकदम. जूनपर्यंत माणसं गावी परतलेली असतात, तेव्हा मोकळं सोडा.

विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभाला शांतता शोभते, त्यावर वाद नको. फटाके, डीजे आणि ताशा कुठंच नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत शाळेभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात.

आमच्याकडं आता मी लेकरू पायरी उतरल्याशिवाय पुढचं नाव घेत नाही. आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना विचारून, ज्याच्या घरचं कुणी येणार नाही त्याच्या नावापुढं पेन्सिलीनं टिंब देतो. ते नाव आलं की मी मागच्या रांगेकडं बघतो. तिथं आमचे शिपाई मामा आणि नववीची पोरं बसलेली असतात, त्या नावाला हाक ते देतात.